गरोदर बाईच्या ताटात काय असावे? उमरग्याच्या वस्त्यांमधून

मागच्या उन्हाळ्यात उमरगा तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही आठव्या महिन्यातल्या एका बहिणीला भेटलो. वय बावीस, दुसरी खेप. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली जवळजवळ नव्हतीच. माता-बाल संरक्षण कार्डावर पाचव्या महिन्यातले हिमोग्लोबिन लिहिलेले होते, ८.२. लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटे न फोडता पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. का घेतल्या नाहीत, असे विचारल्यावर उत्तर सासूबाईंनी दिले, "गोळ्या खाल्ल्या की लेकरू काळं होतंय म्हणत्यात."

मग काय काय बंद आहे ते विचारत गेलो. पपई बंद, अंडे बंद, तीळ बंद, बाजरी बंद, केळी बंद. पपई-अंडे उष्ण म्हणून, केळी थंड म्हणून. चालू काय होते? ज्वारीची भाकरी, पातळ वरण नाहीतर शेंगदाण्याची चटणी, दिवसातून चार-पाच वेळा चहा. आणि पाटीवरची पेन्सिल. हो, लेकरांची लिहायची पेन्सिल. तिने ती लपवून ठेवली होती, आम्ही रागावू म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन ६.६ आले, रक्त चढवावे लागले. बाळ जन्मले तेव्हा वजन १ किलो ९०० ग्रॅम. आज दोघेही बरे आहेत. पण ते घर आमच्या डोक्यातून जात नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोनाड्यात बुद्धमूर्ती, दीर पदवीच्या शेवटच्या वर्षाला, नवरा जयंती मंडळाचा कार्यकर्ता. त्या घरात विचार पोहोचले होते, ते स्वयंपाकघरापर्यंत मात्र गेले नव्हते. बाहेर अंधश्रद्धेवर भाषण करणाऱ्या दोघा तरुणांना घरातली वहिनी काय खाते हे माहीत नव्हते, कारण ती त्यांच्यानंतर जेवत होती.

हा लेख म्हणून तरुण कार्यकर्त्यांसाठी आहे. गरोदर बहिणींनी वाचला तर उत्तमच.

आधी आकडा समजून घेऊ. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की तिला रक्तक्षय आहे असे धरतात. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र असतो, आणि बाळंतपणात थोडासा जास्त रक्तस्राव झाला तरी जीवावर बेतू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे आपल्या वस्तीत दोन गरोदर बहिणी असतील तर त्यातल्या एकीला रक्त कमी असण्याची शक्यता आहे, मग तक्रार करो वा न करो. आपल्या बायका तक्रार करत नाहीत. "थकवा तर येणारच की," एवढेच म्हणतात.

उष्ण, थंड आणि काळे-गोरे

पपईपासून सुरुवात करू, कारण प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच असतो. कच्च्या पपईत चीक असतो. त्या चिकातले घटक गर्भाशयाला आकुंचन आणू शकतात, म्हणून कच्ची आणि अर्धीकच्ची पपई, तिची भाजी, कोशिंबीर टाळायची. पूर्ण पिकलेल्या पपईत तो चीक जवळजवळ राहत नाही. २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात पिकलेल्या पपईने गर्भाला अपाय झालेला दिसला नाही, कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशय आकुंचन पावले. म्हणजे आजीच्या भीतीत तथ्य होते, पण ते कच्च्या फळापुरते. आजीला खोटे पाडण्यापेक्षा "आजी, तुमचं कच्च्या पपईबद्दल बरोबर आहे," असे म्हणून पुढे बोलले तर ती ऐकते. हा आमचा अनुभव आहे.

अननसाच्या दोन-चार फोडींनी गर्भ पडत नाही. तीळ, बाजरी, गूळ, अंडे, शेंगदाणे यांनीही पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातले बरेचसे गर्भाच्या मूळ जडणघडणीतल्या दोषामुळे पडतात. पण आदल्या दिवशी बाईने काय खाल्ले ते सगळ्यांना आठवते, आणि दोष ताटावर जातो. नंतर तो त्या बाईवर जातो, "हिनंच काहीतरी खाल्लं असंल" म्हणून. या समजुतीचे हे दुसरे टोक आम्हाला जास्त त्रास देते.

आता काळे-गोरे. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो. लोहाच्या गोळीने काळी होते ती फक्त शौच, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, गोळीतले न शोषलेले लोह बाहेर पडते एवढेच. नारळपाण्याने किंवा केशराने बाळ गोरे होत नाही. जांभळाने काळे होत नाही. आणि समजा झालेच काळे, तर काय? रंगावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेचा मार आपल्याइतका कोणी खाल्ला आहे? तरी आपल्याच घरात गोऱ्या लेकरासाठी सुनेचे औषध बंद होते.

गोळीविषयी थोडे सविस्तर. गर्भ राहण्याचे ठरवतानाच आणि पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची असते, तिने बाळाच्या मेंदू-मणक्याचे काही दोष टळतात. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी सुरू होते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवून, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही. गोळी चहाबरोबर घेणे म्हणजे ती अर्धी वाया घालवणे. जेवणावर लगेच चहा घेतला तरी तेच होते. तासभर थांबायचे. चहा सोडा असे आम्ही सांगत नाही. उन्हातान्हात निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईला तेवढाच एक आधार असतो. दिवसाला दोन-तीन कप, आणि जेवणापासून लांब, एवढे पाळले तरी पुष्कळ.

आणि पेन्सिल. माती, चुलीचा पोपडा, खडू, कच्चे तांदूळ, पेन्सिल खाण्याची ओढ हे अनेकदा शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असते. मातीतून जंत जातात, ते आणखी रक्त पितात. अशा बहिणीला ओरडू नये. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि चौथ्या महिन्यानंतर जंतांची गोळी मिळाली का ते विचारावे. आम्ही आता प्रत्येक घरात हा प्रश्न हसत हसत विचारतो, "काय ताई, पेन्सिल चालू हाय का?" निम्म्या वेळा उत्तरात लाजलेले हसू येते.

आपल्या मातीतले, आपल्या घरातले

शहरातल्या डॉक्टरांचे आहाराचे छापील कागद आम्ही पाहिले आहेत. त्यात बदाम, अक्रोड, पनीर, सफरचंद. ते वाचून वस्तीतली बाई कागद घडी घालून ठेवते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने गरोदरपणात दिवसाला ३५० उष्मांक जास्त लागतात आणि प्रथिने मधल्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम, शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त. हे पाडायला सफरचंद लागत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. घट्ट वरणाची वाटी, दह्याची किंवा ताकाची वाटी, एक भाकरी जास्त, झाले.

उमरग्याच्या शिवारात ज्वारी, तूर, हरभरा, मूग, उडीद पिकतात, सोयाबीन तर सगळीकडेच. हुलग्याचे माडगे, शेंगुळे, धपाटे, तिळाची नाहीतर जवसाची चटणी, येसराची आमटी, हे सगळे गरोदर बाईसाठी चांगले अन्न आहे. अडचण पातळपणाची आहे. वरणात डाळ किती आणि पाणी किती, हा खरा प्रश्न. मोड आलेली मटकी-मूग उत्तम, पण वाफवून. शेवग्याचा पाला, तांदूळजा, चाकवत, मेथी, अंबाडी, घोळ यांत लोह आहे. भाजी-भाकरीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, त्यासाठी सोबत आंबट लागते. म्हणून वरणावर लिंबू पिळावे, चिंच-आवळा खावा, पेरू खावा. भाजी लोखंडी कढईत करावी. डोहाळ्यात आंबट खावेसे वाटते ते इथे कामाला येते.

रानभाजीबाबत एक इशारा. पूर्वी बाया निंदताना ओटीत घोळ-पाथरी भरून आणायच्या. आता सोयाबीनवर तणनाशक मारतात. फवारलेल्या रानातली भाजी गरोदर बाईलाच काय, कोणालाच घालू नये. रान कोणाचे, फवारा कधी मारला, हे माहीत असेल तरच खुडावी. बाजारची भाजी आणि द्राक्षेही दोन-तीन पाण्यांनी धुवावीत.

मांसाहाराबद्दल आपल्याकडे आता एक नवीन लाज आली आहे, ती या विषयात घातक आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाने काय खाल्ले, ते का खाल्ले, हे त्यात न लाजता लिहिले आहे. नव्या पिढीने ते वाचावे. त्यातले बरेच अन्न नाइलाजाचे होते, हे खरेच. पण मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागते, हेही खरे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबांच्या आवाक्यातले मांस आणखी लांब गेले. शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले होते, त्याचा निधीही जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने थांबवला. आपल्या ताटातून प्रथिने कोण काढतो आहे, हे पाहिले पाहिजे. आणि आपण स्वतःही काढतो आहोत का, हेसुद्धा.

ज्या घरात मांसाहार चालतो तिथे मटण, कोंबडी, अंडी, तळ्यातले रोहू-कटला, सुकट-बोंबील गरोदर बाईने खुशाल खावेत. अट एकच, पूर्ण शिजलेले हवे. अर्धेकच्चे अंडे नको, वरून भाजलेले आणि आतून लाल राहिलेले मांस नको. वजडी, पाया, रक्ती स्वच्छ करून कुकरला भरपूर शिजवलेली असावी. सुकट खारट असते, रक्तदाब वाढलेला असेल तर ती बाजूला ठेवावी. आणि एक अपवाद लक्षात ठेवा, काळीज. रक्त वाढते म्हणून आपल्याकडे गरोदर बाईला मुद्दाम काळीज आणून देतात. त्यात लोह असते, पण जीवनसत्त्व अ इतके जास्त असते की, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा गरोदर स्त्रियांना काळीज खाऊच नका म्हणते. आमचे म्हणणे, नऊ महिने थांबा, बाळंतपणानंतर हवे तेवढे खा.

खरे धोके

गंमत अशी की पपईला घाबरणाऱ्या घरात खऱ्या धोक्यांकडे कोणाचे लक्ष नसते. पहिला धोका पाण्याचा. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांना बहुधा काही आठवड्यांत सोडते, पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर येऊ शकते. टँकरचे असो, बोअरचे असो, आठ दिवसांनी आलेल्या नळाचे असो, गरोदर बाईसाठी पाणी उकळून वेगळे ठेवा. गाड्यावरची पाणीपुरी, उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा यांचे डोहाळे लागले तर ते घरी पुरवा. डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना.

धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून देतात, ते देऊ नये. कच्च्या दुधातून जनावराचे रोग येतात, त्याने गर्भपातही होऊ शकतो. दूध उकळूनच.

मग मिश्री. हिच्याबद्दल बोलले की आजीबाई उठून जातात. मिश्री, तंबाखू, गुटखा हे अन्न नाही म्हणून यादीत येत नाहीत, पण तोंडात तेच सर्वांत जास्त वेळ असतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या १२१७ स्त्रियांच्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्या-लावणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही जास्त झाली. दारूचे तर एक घोटही प्रमाण नाही. मुलगा व्हावा म्हणून कुठूनशी आणलेली पुडी हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. ती फेकून द्या.

"पोट भरून खाल्लं तर लेकरू मोठं होतंय, मग सिझर," ही भीतीही सर्रास आहे. सुना सातव्या महिन्यापासून मुद्दाम कमी जेवतात. अडीच किलोच्या खालचे बाळ म्हणजे सोपे बाळंतपण नव्हे, ते आजारी पडणारे बाळ आहे. गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढायला हवे. कार्डावर दर महिन्याचे वजन लिहिलेले असते, ते वाचायला शिका.

आणि आपल्या विहारांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. वर्षावासात अनेक उपासिका पौर्णिमेला अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. गरोदर बहिणीही घेतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. अष्टशील स्वेच्छेने घ्यायचे असते, उपासिकेला रोजचे पंचशील पुरेसे आहे. सिद्धार्थ गौतमाने देह सुकवणारे उपोषण सोडून सुजाताची खीर घेतली, ही कथा आपण लेकरांना सांगतो. ती गरोदर बाईला लागू नाही का? भन्तेजींनी आणि विहाराच्या महिला मंडळाने हे उघडपणे सांगितले तर बहिणींच्या मनातली रुखरुख जाईल. ग्रहणाचेही तसेच. ग्रहणात न खाता-पिता, भाजी न चिरता खोलीत बसलेल्या गरोदर सुना आम्ही धम्म स्वीकारून तीन पिढ्या झालेल्या घरांत पाहिल्या आहेत. ग्रहणाने ओठ फाटत नाही. उपाशी राहून चक्कर मात्र येते.

हक्काचे अन्न

आमच्या वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या अंगणवाडीच्या पाकिटाला अजून 'सुकडी' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मिळालेली सुकडी आणि लाल मिलो त्यांच्या जिभेवर आहे. त्यामुळे सरकारी अन्न म्हणजे दया, अशी समजूत रुजली. ती पुसली पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा आहार मोफत मिळणे हा हक्क आहे. पाकीट घरी आले की सगळे घर ते खाते, किंवा चव नाही म्हणून शेळीला घालते. चवीची तक्रार खरी आहे, ती लेखी करावी. पण पाकीट त्या बाईच्या पोटात जाईल एवढे घरातल्या तरुणांनी पाहावे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पुढच्या वर्षी कायदा झाला. तो कारखान्यातल्या बायांसाठी होता. शेतात, वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबणाऱ्या बाईपर्यंत तो विचार अजून धडपणे पोहोचलेला नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५ हजार, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार रुपये मिळतात, अनुसूचित जातीच्या स्त्रिया त्यास पात्र आहेत. आधार, बँक खाते आणि नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडकतात. हे काम कार्यकर्त्याचे आहे. बहिणीचे नाव माहेरचे की सासरचे, एवढ्यावरून सहा-सहा महिने गेलेली प्रकरणे आम्ही सोडवली आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्चनंतर परततात. उचल घेतलेली असते, त्यामुळे सहाव्या महिन्यातली बाईही कोयत्याला जाते. अंगणवाडीतले नाव गावात राहते, गोळ्या गावात राहतात, आणि ती फडात पहाटे तीनला भाकरी थापते. अशा बहिणीसोबत चार गोष्टी गेल्याच पाहिजेत. माता-बाल संरक्षण कार्ड. पूर्ण हंगाम पुरतील एवढ्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या, त्या आशाताईंकडून आधीच मागून घ्याव्यात. पाणी उकळायला एक वेगळे पातेले. आणि सुके जिन्नस, म्हणजे भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, तिळाची चटणी, सातूचे पीठ, कारण फडात दोन जेवणांमध्ये दहा-दहा तास जातात. पोषण ट्रॅकरवर नोंद असेल तर मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीतही नाव लावून घेता येते. मात्र आता टीएचआरसाठी चेहऱ्याची पडताळणी लागते, तेव्हा निघण्याआधी मोबाईल क्रमांक आणि आधारची जोडणी तपासून द्या. ज्या टोळीत गरोदर बाई असेल त्या मुकादमाचा क्रमांक लिहून घ्या आणि पंधरा दिवसांनी फोन करा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, उमरग्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. तपासणीला सासूबाईंनाही सोबत न्या. आमच्या त्या बावीस वर्षांच्या बहिणीच्या सासूबाईंना डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचा कागद समोर धरून समजावले, तेव्हापासून त्यांनी घरात लिंबू ठेवायला सुरुवात केली. पपई मात्र अजून आणत नाहीत. आम्हीही हट्ट धरलेला नाही, पेरू चालतो. जायचे झाल्यास नेण्यासाठी १०२ किंवा १०८ लावा. आणि त्या दिवशी घरची भाकरी तुम्ही थापा.